गालात परत शिरणारा केस

माणसाचा केस हा मेलेला पदार्थ आहे. त्वचेबाहेर आलेल्या केसात रक्त नाही, मज्जातंतू नाही, एकही जिवंत पेशी नाही. म्हणून तर तो कापताना दुखत नाही. ब्लेडच्या पोलादापेक्षा तो सुमारे 50 पट मऊ असतो. आणि हाच मऊ, निर्जीव धागा विशिष्ट कोनात कापला गेला तर जिवंत कातडी भेदून आत शिरतो, दोन-तीन मिलिमीटर खोल जातो आणि तिथंच वाढत राहतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विश्वास बसेना.

याचा सगळ्यात थक्क करणारा पुरावा न्हाव्याच्या हातावर सापडतो. दिवसभर केस कापणाऱ्या माणसाच्या बोटांच्या बेचक्यात गिऱ्हाइकांच्या केसांचे बारीक तुकडे साचतात. त्यातला एखादा बेचक्यातल्या ओलसर, मऊ कातडीत घुसतो. मग मागचे तुकडे त्याच वाटेनं आत जातात. हळूहळू तिथं एक बारीक भोक पडतं, आत पोकळी तयार होते, ती सुजते, पिकते, कधीकधी शस्त्रक्रिया करून काढावी लागते. वैद्यकशास्त्रात न्हाव्यांचा व्यवसायजन्य आजार म्हणून याची नोंद आहे. हे केस दुसऱ्याचे असतात आणि मुळापासून तुटलेले असतात. त्यांना मागून ढकलणारं काही नसतं. मग आपल्याच गालावरचा केस, ज्याला मूळ रोज तीन-चार दशांश मिलिमीटर पुढं ढकलतंय, तो काय करू शकत असेल?

तो काय करतो, हे पनवेलजवळच्या खांदेश्वर स्टेशनात सकाळी प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं तरी दिसतं. पनवेलहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीत पुढं उभ्या असलेल्या पुरुषांच्या माना पाहाव्यात. हनुवटीखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी, कॉलर घासते त्या पट्ट्यात बारीक उंचवटे दिसतात: काही लालसर, काही काळपट, काहींच्या टोकाला पू. विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं, ‘मला ब्लेड सूट होत नाही.’ कुणी पाण्याला दोष देतं, कुणी साबणाला, कुणी सलूनवाल्याच्या हाताला. बरेच जण मनातल्या मनात स्वतःच्या कातडीला नावं ठेवतात. खरं कारण केसाच्या वळणात असतं, आणि ते वळण आणि पातं यांची गाठ कशी पडते यात.

स्टेशनातून खांदा कॉलनीकडे उतरा नाहीतर कामोठ्याच्या बाजूला, दोन्हीकडे सलूनची काही कमी नाही. खुर्चीत बसल्यावर जे घडतं ते नीट पाहण्यासारखं असतं. न्हावी नवं ब्लेड कागदातच मधोमध मोडतो, अर्धं पातं वस्तऱ्यात बसवतो. ब्रशनं फेस लावतो. मग डाव्या हाताच्या अंगठ्यानं गालाची कातडी वर ताणतो आणि वस्तरा वरून खाली आणतो. हा सुलटा हात. गाल साफ दिसतो, काम झालेलं असतं. पण तो थांबत नाही. पुन्हा पाणी मारतो, पुन्हा फेस लावतो, कातडी आणखी ताणतो आणि आता वस्तरा खालून वर चालवतो. हा उलटा हात. मग बोटाची मागची बाजू गालावरून फिरवून बघतो. कुठं खुंट लागला तर तेवढ्यापुरता परत एक फटका. शेवटी तुरटी. घोटून दाढी म्हणतात ती ही. गिऱ्हाईक खूश, न्हाव्यालाही आपल्या कामाचा अभिमान, आणि तो रास्त आहे. इतक्या सफाईनं पातं फिरवणं सोपं नाही.

पण त्या दुसऱ्या हातात नेमकं काय होतं? ताणलेल्या कातडीतून केस थोडा जास्त बाहेर येतो. उलट दिशेनं येणारं पातं त्याला आणखी उचलतं आणि बुडाशी कापतं. अंगठा उचलला की कातडी सैल होते आणि कापलेला केस पृष्ठभागाच्या खाली जातो. बोटाला गुळगुळीत लागतं ते यामुळेच. केस संपलेला नसतो, आत दबा धरून बसलेला असतो. त्याचं टोकही आता मूळचं राहिलेलं नसतं. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं आणि मऊ असतं. पात्यानं तिरपा छेदलेला केस धारदार होतो. रायगडातल्या कुठल्याही बांबूच्या बेटात हे मोठ्या आकारात बघायला मिळतं: कोयत्यानं तिरपा तोडलेला बांबू तळपायात घुसतो, आणि उभा बांबू हाताला गुळगुळीत लागतो.

केस सरळ असेल तर एवढ्यानं काही बिघडत नाही. धारदार टोक सरळ नळीतून सरळ वर येतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुंट दिसतो, पुन्हा दाढी. घोळ होतो तो कुरळ्या केसात. केस कातडीतल्या ज्या नळीतून वाढतो ती नळीच कुरळ्या केसाच्या माणसात वाकडी असते, आणि केसाचा छेद गोल नसून लंबगोल असतो. म्हणून केस बाहेर पडल्यावरही आपलं वळण सोडत नाही. कातडीखाली कापलेला कुरळा केस वाढायला लागला की वळणाच्या आतल्या अंगानं नळीची भिंत भोसकतो आणि बाहेर न येताच मांसात शिरतो. दुसरी वाट आणखी चकित करणारी. केस रीतसर बाहेर येतो, कातडीला जवळजवळ समांतर वाढतो, कमान करतो, आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरावर टोक खाली करून पुन्हा कातडीत घुसतो. भिंगाखाली पाहिलं तर दोन्ही टोकं आत आणि मधला भाग बाहेर असं बारीक कडं दिसतं.

आता शरीर काय करतं ते पाहा. केस ज्या केराटिनचा बनलेला असतो, ते आपलंच. पण शरीराच्या पहारेकऱ्यांची आणि केसाची आयुष्यात कधी भेट झालेली नसते; केस नेहमी नळीत सुरक्षित असतो. तोच जेव्हा भिंत फोडून आतल्या थरात येतो, तेव्हा पांढऱ्या पेशी त्याला परका समजतात आणि वेढा घालतात. त्यांना केस खाता येत नाही, तो फार मोठा असतो. मग अनेक पेशी एकत्र मिसळून एकेक राक्षसी पेशी बनवतात, काटा किंवा टाक्याचा धागा शरीरात राहिला की करतात तशाच. बाहेरून आपल्याला दिसते ती फक्त पुळी.

यातला एक फरक नीट समजून घ्यावा, कारण त्यावर उपाय अवलंबून आहे. केसतोड होतो तो जंतूंमुळे, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस नावाच्या. तिथं केसाच्या मुळाशी संसर्ग असतो. दाढीनंतरच्या या पुळ्या सुरुवातीला जंतूंच्या नसतातच. म्हणूनच 1956 मध्ये स्ट्रॉस आणि क्लिगमन या अमेरिकी डॉक्टरांनी त्यांना स्युडोफॉलिक्युलायटिस बार्बी, म्हणजे केसमुळाच्या दाहाची नुसती बतावणी करणारा दाढीचा विकार, असं नाव दिलं. वर्षानुवर्षं लोक त्यावर अँटिबायोटिक मलम चोळतात आणि दर आठवड्याला नव्या पुळ्या मोजतात. खाजवून जंतू आत गेले तर मलम लागेल, पण मूळ गुन्हेगार केसच राहतो.

हा विकार सर्वांत जास्त छळतो तो आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये त्याचं प्रमाण 45 ते 83 टक्के असल्याचे अंदाज वैद्यकीय लिखाणात दिलेले असतात. दोन टोकांत अंतर मोठं आहे. पण खालचा आकडा धरला तरी जवळपास निम्मे पुरुष झाले. त्यामागे केसाच्या वळणाबरोबर आणखी एक गोष्ट सापडली. केसाच्या नळीच्या आतल्या आवरणात एक विशिष्ट केराटिन असतं. त्याच्या जनुकात एका अक्षराचा बदल असला, तर हा विकार होण्याची शक्यता सुमारे सहापट वाढते, असं 2004 मध्ये दाखवलं गेलं. नळीची भिंत जन्मतःच थोडी कमजोर असते, आणि केसाला ती फोडणं सोपं जातं. हा बदल असलेल्या सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, आणि नसलेल्यांना होतच नाही असंही नाही. दाढी वाढू दिली तर ही कमजोरी आयुष्यभर कळतही नाही. पातं लागलं की कळते.

आफ्रिकी वंशाचे पुरुष म्हटल्यावर अमेरिकेकडेच पाहायला नको. खांदेश्वर ज्या रायगड जिल्ह्यात येतं, त्याच जिल्ह्यात मुरूडसमोर समुद्रात जंजिरा उभा आहे. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी तिथं शतकानुशतकं राज्य केलं. मराठ्यांना तो किल्ला शेवटपर्यंत घेता आला नाही, आणि संस्थान विलीन झालं ते थेट 1948 मध्ये. सिद्दी समाज आज गुजरातेत, उत्तर कन्नड जिल्ह्यात, हैदराबादेत आहे, मुंबईतही आहे. पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना तर तिथल्या प्रत्येक सलूनवाल्यानं पाहिलंय. शिवाय कुरळे केस ही कुणा एका वंशाची मिरासदारी नाही. डोक्यावर सरळ केस असलेल्या कितीतरी मराठी माणसांची दाढी, विशेषतः गळ्यावरची, चांगली कुरळी असते. आपल्याकडे त्रास होणाऱ्यांचं प्रमाण कमी, पण ज्याला होतो त्याच्या मानेवर तंत्र तेच. आपल्या सावळ्या कातडीत आणखी एक भर पडते: पुळी बसली तरी तिच्या जागी काळा डाग मागं राहतो, आणि तो जायला महिने लागतात. माणूस डागावर क्रीम चोळत राहतो आणि डाग पाडणारी दाढी तशीच चालू ठेवतो.

बायकांनाही हे चुकत नाही. हनुवटीवरच्या केसांना थ्रेडिंग, पायांना वॅक्स केल्यावर केस कधी मुळासकट निघतो, कधी कातडीखाली तुटतो. तुटलेला केस वाट चुकतो तो याच नियमानं.

आता पात्याची गोष्ट, कारण गेल्या 50 वर्षांत पात्यानंच हा त्रास वाढवला असं माझं स्पष्ट मत आहे. 1971 मध्ये जिलेटनं दोन पात्यांचा रेझर बाजारात आणला. त्यामागची युक्ती खरोखर चतुर होती. पहिलं पातं केसाला धरून थोडं वर ओढतं आणि कापतं. ओढलेला केस लगेच आत जात नाही, त्याला क्षणभर लागतो. तेवढ्यात मागचं पातं येऊन त्याला आणखी बुडाशी कापतं. उरलेला केस मग मागं सरकून कातडीच्या खाली जातो. म्हणजे न्हावी अंगठ्यानं कातडी ताणून, उलटा हात मारून जे साधतो, ते या रेझरनं एकाच फटक्यात साधलं. पुढं पाती तीन झाली, पाच झाली. सरळ केसाच्या माणसाला यात सुख मिळालं. कुरळ्या केसाच्या माणसासाठी मात्र प्रत्येक जादा पातं म्हणजे केस नळीत आणखी खोल ढकलणं.

याच कंपनीनं पुढं भारतासाठी जे केलं ते त्याहून लक्ष वेधून घेणारं आहे. भारतीय गिऱ्हाइकासाठी म्हणून एक रेझर तयार झाला, तेव्हा तो आधी अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून वापरून पाहिला गेला. त्यांना तो आवडला. भारतात मात्र तो केसांनी तुंबायला लागला, कारण इथं बहुतेक जण वाहत्या नळाखाली नव्हे, तर पेलाभर पाण्यात रेझर बुडवून दाढी करत होते. त्यानंतर कंपनीची माणसं घरोघरी गेली, जमिनीवर बसून, छोटासा आरसा भिंतीला टेकवून दाढी करणाऱ्या पुरुषांजवळ बसली, आणि 2010 मध्ये गार्ड हा रेझर आला: 15 रुपयांना, एकाच पात्याचा, पुढं कातडी सपाट करणारी दातेरी कड असलेला. तो स्वस्ताईसाठी आणि कमी पाण्यासाठी घडवला होता. पण ज्याची मान पुळ्यांनी भरलीय त्याला त्वचारोगतज्ज्ञ एकाच पात्याचा रेझर सुचवतात, आणि तो आपल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात लटकलेला असतो.

सुरुवातीला म्हटलेली 50 पटींची गोष्टही एमआयटीतलीच. एवढा मऊ केस पोलादी पातं बोथट कसा करतो, हे कोडं तिथल्या एका संशोधकानं सोडवायला घेतलं. त्यानं स्वतःच रोज दाढी केली आणि पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिली. 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेलं उत्तर असं: धार झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून पात्याला तिरपा भिडला आणि त्याच जागी पोलादाच्या रचनेत एकसारखेपणा नसला, की टवका निघतो. असं खरबरीत झालेलं पातं केस कापण्याऐवजी ओढतं आणि फाडतं. नवं पातं वापरण्याचं एक कारण काविळीसारख्या रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून बचाव हे आहेच, दुसरं हे.

मग करायचं काय? उत्तर ऐकायला सोपं, पचायला अवघड: गुळगुळीत दाढीचा हव्यास सोडायचा. कातडीच्या वर एक मिलिमीटर केस राहिला तर तो नळीत अडकत नाही. पुन्हा कातडीत वळण्याइतका लांब व्हायच्या आत तो परत कापला की दुसरी वाटही बंद होते. ट्रिमरला एक मिलिमीटरचा कंगवा लावून केलेली दाढी दिसायला तीन दिवसांच्या खुंटासारखी दिसते, तीन हातांवरून तर जेमतेम जाणवते. ज्याच्या नोकरीत हे चालतं, त्याला या लेखातलं पुढचं फारसं लागणार नाही.

ज्याला ब्लेडच वापरावं लागतं त्यानं आधी आपल्या चेहऱ्याचा नकाशा काढावा. हे काम कुणीच करत नाही, आणि सगळी मेख तिथंच आहे. दोन दिवस दाढी वाढू द्या. मग आरशासमोर बोट गालावरून, जबड्यावरून, गळ्यावरून चारही दिशांना फिरवा. ज्या दिशेनं बोट अडखळत नाही, ती केसाची दिशा. गालावर ती बहुतेकांची वरून खाली असते. पण गळ्यावर? अनेकांचे केस गळ्यावर खालून वर वाढतात, कुणाचे आडवे कानाकडे जातात, कुणाच्या जबड्याखाली चक्क भोवरा असतो. आणि सलूनमधला सुलटा हात सगळीकडे वरून खालीच चालतो! म्हणजे गळ्यापुरता तो पहिला हातच उलटा पडतो. सगळ्यात जास्त पुळ्या गळ्यावर का येतात, याचं मोठं कारण हेच. हे एकदा कळलं की माणूस आपल्या मानेकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

बाकीची तयारी पाण्याची. कोरडा केस कडक असतो. कोमट पाण्यानं दोन-तीन मिनिटं भिजला की फुगतो, मऊ होतो आणि पात्याला कमी जोर लागतो. आंघोळीनंतर दाढी करण्यामागं एवढंच शास्त्र आहे. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येत असलं तरी गरम पाण्यात पिळलेला पंचा गालावर ठेवून तेवढंच काम होतं. साबणाच्या वडीपेक्षा दाट फेस किंवा जेल बरं. कातडी ताणायची नाही, पातं दाबायचं नाही, एकाच जागी परत परत फिरवायचं नाही. झाल्यावर गार पाणी. तुरटीनं बारीक रक्त थांबतं, थोडे जंतू मरतात. पण केस आत वळायचा तो तुरटीला जुमानत नाही.

पुळ्या आधीच आलेल्या असतील तर पहिला उपाय म्हणजे पातं महिनाभर खाली ठेवणं. पहिला आठवडा त्रासाचा जातो, कारण अर्धवट वाढलेले केस अजून आत शिरत असतात. पण केस सेंटिमीटरभर लांब झाला की वळणातला ताणच आत गेलेल्या टोकाला ओढून बाहेर काढतो. कुणी चिमटा लावायला नको, शरीर आपली चूक आपणच दुरुस्त करतं. टाळेबंदीनंतर 28 जून 2020 ला महाराष्ट्रात सलून उघडली, तेव्हा केस कापायची मुभा होती, दाढीची नव्हती. साथीच्या नियमानं महाराष्ट्रातल्या मानांना नकळत औषधच दिलं.

वर दिसणारं कडं उकळलेल्या सुईच्या टोकानं हळूच उचलून मोकळं करता येतं. पण केस उपटायचा नाही. उपटला की नवा केस पुन्हा तळापासून, पुन्हा त्याच वाकड्या नळीतून वर येतो. आंघोळीच्या वेळी मऊ टूथब्रश गोलगोल फिरवल्यानंही अडकलेली टोकं सुटतात. सॅलिसिलिक किंवा ग्लायकॉलिक आम्ल असलेली द्रव्यं नळीच्या तोंडाशी साचलेली मृत त्वचा काढतात. केस घालवायची क्रीमं वेगळ्या मार्गानं जातात: केराटिनमधले गंधकाचे बंध तोडून ती केसाला विरघळवतात, आणि उरलेलं टोक बोथट होतं. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत ती खूप वापरली जातात. मात्र ती गालाला भाजूही शकतात. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावं, आणि रोज तर वापरूच नयेत. हे सगळं करूनही भागलं नाही तर लेसर आहे. सावळ्या आणि काळ्या कातडीला 1064 नॅनोमीटर लहरलांबीचा, एनडी-याग म्हणतात तो लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण त्याचा प्रकाश वरच्या थरातल्या रंगद्रव्यात कमी अडतो आणि खाली मुळापर्यंत पोचतो. कमी लांबीच्या लेसरनं काळी कातडी भाजू शकते. म्हणून लेसर घेताना ‘माझ्या रंगाला कोणतं मशीन?’ हा प्रश्न डॉक्टरला विचारलाच पाहिजे.

एका गोष्टीबद्दल मात्र मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही. औषधाच्या दुकानात जाऊन ‘पुळ्यांवर काहीतरी द्या’ म्हटलं की हातात बऱ्याचदा स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब पडते. ती लावली की दोन दिवसांत लाली जाते, माणूस भारावतो. चार-सहा महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, बंद केलं की आग होते. स्टेरॉइडनं चेहरा बिघडण्याला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना स्वतंत्र नाव द्यावं लागलं, इतके रुग्ण येऊ लागले. 2018 मध्ये केंद्र सरकारनं 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती मिळतात. दाढीच्या पुळ्यांवर ती आपल्या मनानं लावू नका.

एक गैरसमजही जाता जाता काढून टाकतो: दाढी केल्यानं केस जाड होत नाहीत. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी 1928 मध्येच हे मोजून दाखवलं. निमुळतं टोक गेल्यानं खुंट बोटाला जाड लागतो, एवढंच.

आता नोकरीचा प्रश्न. अमेरिकी सैन्यात गुळगुळीत दाढीची सक्ती आहे, आणि या विकारामुळं तिथल्या कृष्णवर्णीय सैनिकांना दशकानुदशकं वैद्यकीय सूट मागत फिरावं लागलंय. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या संरक्षण खात्यानं हुकूम काढला की, वर्षभराच्या उपचारांनंतरही सूट लागत असेल तर त्या सैनिकाला सेवेतून काढण्याची प्रक्रिया सुरू करावी. वाकड्या नळीची शिक्षा म्हणून नोकरी जाणार! उलट 1993 मध्ये तिथल्याच एका संघराज्यीय अपील न्यायालयात पिझ्झा विकणाऱ्या कंपनीच्या ‘दाढी नको’ या नियमाला आव्हान दिलं गेलं. हा नियम कृष्णवर्णीय पुरुषांना जास्त बाधतो आणि त्याची धंद्याला खरी गरज असल्याचं कंपनी सिद्ध करू शकली नाही, असं न्यायालयानं म्हटलं. आगीत वापरायचा श्वसनमुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला हवा, तिथं दाढीचा प्रश्न खरा आहे. फाटकावर उभ्या असलेल्या रखवालदाराच्या मिलिमीटरभर खुंटानं कुणाचं काय बिघडतं?

हा प्रश्न आता खांदेश्वरच्या दाराशी आला आहे. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. गणवेशाच्या नोकऱ्या इथं वाढत जाणार, आणि त्या नोकऱ्यांत रोज सकाळी घोटलेला चेहरा मागण्याची रीत आहे. ज्यांच्या हाताखाली अशी माणसं काम करतात त्यांना माझी विनंती आहे: एखाद्याच्या मानेवर पुळ्या दिसल्या तर त्याला आळशी किंवा अस्वच्छ समजू नका. तो बहुधा तुमच्या नियमाप्रमाणं रोज दाढी करतोय, म्हणूनच त्या आल्या आहेत. डॉक्टरची चिठ्ठी आणली तर मिलिमीटरभर खुंटाला हो म्हणा.

आणि खुर्चीत बसणाऱ्यांनी न्हाव्याला आधीच सांगावं. तो दुसऱ्यांदा फेस लावायला लागला की सांगायला उशीर झालेला असतो, तेव्हा बसल्या बसल्याच म्हणा: ‘दादा, उलटा हात नको. आणि गळ्यावर केस कुठल्या बाजूला जातात ते आधी बघा.’